डोंगरावर चार टक्के

आदरणीय मोआनी आंटी यांना,

मेल्विनचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? अंकल बर्नी अजून रक्तदाबाच्या गोळ्या कोंबड्यांना घालतात का? (घालत असतील तर कोंबड्यांची तब्येतही कळवा.) आम्ही सगळे मजेत आहोत. तुमच्या सूनबाईचं, मार्जीचं, माझ्याशी बोलणं मंगळवारपासून बंद आहे, पण ते ओघात येईलच.

पत्राला उशीर झाला, कारण गेले तीन महिने मी विजेवर चालत होतो. आमच्या वाइलेहुआच्या नगरपरिषदेला पोलिसांसाठी नव्या गाड्या घ्यायच्या होत्या. पूर्ण विजेच्या घ्याव्यात की पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या हायब्रिड, यावर सात सभासदांचं जमेना. म्हणून एकेक गाडी आणून ती चालवून बघायचं आणि अहवाल द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. (बैठकीला मी दहा मिनिटं उशिरा पोचलो होतो. मी नसताना माझी निवड एकमताने झाली.)

हायब्रिडपासून सुरुवात केली. ती बाई सिग्नलला थांबली की गप्प होते. मला वाटलं, बंद पडली. मी बटण दाबलं, मग खरोखरच बंद पडली. पहिल्याच सकाळी पोस्टासमोर असं तीनदा झालं, तिन्ही वेळा मी गॅरेजच्या टामोत्सुला बोलावलं. तिसऱ्यांदा तो हातातला मुसुबीचा भातगोळा खात खातच आला, खिडकीतून डोकावला आणि म्हणाला, "सार्जंट, गाडीला काही झालेलं नाही. तुम्ही मधेमधे करू नका." पोस्टाच्या रांगेतले लोक हसले. मीही हसलो, पण ड्यूटीवर असल्यामुळे आतल्या आत.

विजेच्या गाडीचं मात्र वेगळंच रामायण झालं. एका बुधवारी सकाळी निघालो तेव्हा तिच्यात एकोणीस टक्केच चार्ज होता. (ठाण्यातल्या कोणीतरी चार्जरचा प्लग काढून कॉफीचं यंत्र लावलं होतं. कोणी ते मी शोधलं नाही, कारण कॉफी मीही प्यायलो होतो.) डोंगराच्या रस्त्याला लागतो तोच पुढे एक हिरवा पिकअप, रस्त्याच्या बरोब्बर मधून, तीसच्या वेगाने. मी दिवे लावले. सायरन वाजवला. भोंग्यावरून ओरडलो. पिकअपला काही फरक नाही. असा आमचा पाठलाग बावीस किलोमीटर चालला, सगळा चढ. समोरचा आकडा एकोणीसचा चौदा, चौदाचा नऊ होत होता. आंटी, मी सत्तावीस वर्षांत बरेच पाठलाग केले, पण दोन कुत्री आपल्याला मागे टाकून गेली असा हा पहिलाच.

वर कब्रस्तानाशी पिकअप थांबला. माझे चार टक्के उरले होते. आतून उतरल्या फुरुतानीबाई! शाळेत आम्हाला जेवण वाढायच्या त्याच, आता एक्याऐंशीच्या. कानातलं यंत्र पर्समध्ये, बॅटरी वाचावी म्हणून. मला बघून म्हणाल्या, "अरे मेल्विन, इकडेच यायचं होतं तर मला सांगायचंस! एकत्र आलो असतो."

लायसन्स मागितलं. ते संपून चौदा महिने झाले होते. मुलं नवं काढू देत नव्हती, म्हणून आता बाई दर बुधवारी गुपचूप निघायच्या. नवऱ्याच्या थडग्याजवळ थर्मास उघडायचा, दोन कपांत चहा ओतायचा, एक आपण प्यायचा आणि दुसरा तिथल्या गवताला. चहाचा हा नेम नऊ वर्षांचा. मी पावतीपुस्तक काढलं खरं, पण हात पुढे सरकेना. त्यांनीच माझ्याकडे बघितलं. "लिही की. चुकलंय ते चुकलंय. पेन देऊ?"

लिहिलं, आंटी. मोठ्या मुश्किलीने लिहिलं. मग त्यांनी त्या दिवशी दुसरा कप मला दिला. चहा पिताना मी म्हणालो, बुधवारचं मी बघतो.

पिकअप तिथेच ठेवला (टामोत्सुने नंतर आणला) आणि बाईंना शेजारी बसवून उतरायला लागलो. उतारावर ती गाडी आपोआप चार्ज होते हे मला माहीत होतं, पण पटलेलं नव्हतं. बाईंनी चष्मा लावून आकड्यावर नजर ठेवली. "पाच झाले! ब्रेक एकदम नको दाबूस. हळू... सहा!" गावात शिरलो तेव्हा आठ टक्के होते आणि बाई अशा खूश, जणू वीज त्यांनीच घरून आणली होती. तेव्हापासून दर बुधवारी बाईंना घेऊन 'चढावाची चाचणी' असते. अहवालात तसंच लिहिलंय आणि कारणही लिहिलंय. साहेबांनी वाचलं, खाकरले आणि सही केली.

सोमवारी नगरपरिषदेची सभा झाली. माझा अहवाल एकतीस पानांचा. बाराव्या पानाला अध्यक्षांनी डोळे मिटले. मग नागरिकांना बोलायला दिलेल्या वेळात फुरुतानीबाई उठल्या, माईक तोंडाशी ओढला आणि म्हणाल्या, "गाडी उत्तम आहे. मेल्विनही शिकेल हळूहळू." चार विरुद्ध तीन मतांनी ठराव पास झाला! गावात सहा विजेच्या, डोंगराकडच्या चौकीला दोन हायब्रिड. बाई मला मिठी मारून रडल्या आणि मी... असो. मला मनापासून वाटतं, झालं ते योग्य झालं. पेट्रोलचे दिवस गेले. आवाज, धूर, तेलाचे डाग, कोणाला हवंय ते सगळं?

अंकल बर्नींना आणि कोंबड्यांना नमस्कार.

तुमचा,
मेल्विन

ता. क. जुन्या पेट्रोल गाड्या मंगळवारी लिलावात निघाल्या. सात नंबरची मी घेतली. अकरा वर्षं चालवलेली गाडी कोणा परक्याच्या हातात जाताना बघवेना. मार्जी एवढंच म्हणाली, अंगणात ती राहील किंवा मी. तुमच्या फणसाखाली बरीच जागा आहे, असं मला नेहमीच वाटत आलंय.

ता. क. २. काल दुपारी तुम्ही चर्चमध्ये असताना ढग गडगडल्यासारखं वाटलं असेल, तर ते ढग नव्हते. फणसाखालच्या निळ्या ताडपत्रीखाली बघा. किल्ली अंकल बर्नींकडे दिली आहे. ते म्हणाले, तुम्हाला मीच सांगावं.