निरीक्षकाने जागेवरून उठू नये

तीर्थस्वरूप ताईस,

वाकून नमस्कार (कॉलेजच्या बाकांनी कंबर धरली आहे, तरी वाकूनच). तुझा गुडघा कसा आहे? भावोजी पथ्य पाळतात का, की तू समोर आहेस तोवरच? इकडे सगळे ठीक, म्हणजे मी सोडून.

तुला माहीतच आहे, अठरा वर्षं मी बालवर्गात मदतनीस आहे. पोरांची नाकं पुसली, बुटांचे बंद बांधले, रडणाऱ्यांना कडेवर घेऊन वर्गभर हिंडले. आता नवा नियम आला, की 'शिक्षण व बालविकास' या विषयाचं प्रमाणपत्र नसेल त्याने वर्गात पाऊल ठेवायचं नाही. वर्षअखेरीस ते मिळालं नाही तर माझी रवानगी सामानाच्या खोलीत, खडूंच्या पेट्या रचायला (खडू कडेवर घेता येत नाहीत). म्हणून या वयात कॉलेज! पहिल्या दिवशी वर्गातल्या मुली मला पाहून उठून उभ्या राहिल्या, त्यांना वाटलं मीच प्राध्यापक. खऱ्या प्राध्यापक बाई मागून आल्या. माझ्या लेकीपेक्षा दोन वर्षांनी लहान.

तर या बाईंचं म्हणणं, मूल कसं पाहावं हे मला येत नाही. मला! एका मुलाकडे चाळीस मिनिटं पाहायचं, दिसेल तेवढंच वहीत लिहायचं, आपलं मत घालायचं नाही. मी लिहिलं, पोरगं गुणी आहे, पण आज त्याचं पोट बिघडलंय. बाईंनी लाल शाईने दोन्ही कापलं. गुणी हे मत, आणि पोट दिसत नाही म्हणे. अगं, पोट चेहऱ्यावर दिसतं! वही तपासून होते न होते तोच त्याने बाईंच्या नव्या चपलांवर उलटी करून ते सिद्धही केलं. पण त्याचे गुण मला कोण देतो?

मग प्रात्यक्षिक परीक्षा. माझ्या वाट्याला इन्स्पेक्टर आला (पोरगा साडेतीन वर्षांचा आहे, सगळ्यांचे डबे उघडून तपासतो म्हणून हे नाव). भिंतीशी खुर्ची, मांडीवर वही, आणि नियम असा की निरीक्षकाने जागेवरून उठू नये, बोलू नये. चौदाव्या मिनिटाला त्याने एक लाकडी मणी उचलला, उजेडात धरून पाहिला आणि सावकाश नाकाकडे नेला. माझ्या शेजारच्या मुलीने सुंदर अक्षरात लिहिलं, मूल मणी नाकाकडे नेते. मी वही फेकली, दोन ढांगांत पोचले आणि मणी काढून घेतला. मागे एकदा असाच मणी डॉक्टरांकडे नेऊन काढावा लागला होता, त्या पोराचं रडणं अजून माझ्या कानात आहे. निकाल काय, तर शेजारणीला वीसपैकी अठरा, मला चार, आणि शेरा, 'निरीक्षकाने हस्तक्षेप केला.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुमचं पोर असतं तर, असं मी बाईंना तोंडावर विचारलं. त्या म्हणाल्या, "तिथे वर्गशिक्षिका होत्या ना." होत्या की! पाठमोऱ्या, दुसऱ्याची चड्डी बदलत.

असलं शिक्षण मला नको. मी कॉलेज सोडते आहे, सोडलंच समज. उद्या जाऊन सांगणार आहे. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी

ता. क. पत्र चार दिवस तसंच पडून राहिलं. कॉलेज सोडलेलं नाही. बाईंनी स्वतःहून बोलावून एक संधी दिली (स्वभावाने बऱ्या आहेत). 'स्वतःचे बालपण' असा तक्ता भरून दिला तर बुडालेले गुण भरून निघतील. मी केव्हा रांगले, केव्हा बोलले, कशाला घाबरायचे, सगळं त्यात हवं आहे. आई दिवसभर कामावर असायची, तेव्हा तुझ्याशिवाय कोणाला विचारू? सोमवारच्या आत लिहून पाठव. मी उशिरा बोलायला लागले हे लिहिलंस तरी चालेल. माती खायचे ते मात्र गाळ.

आणखी एक. तक्त्यात 'दिवसभर सांभाळणाऱ्या व्यक्तीचे वय' असा रकाना आहे. तो मी माझ्या मनाने भरला, नऊ. बाईंनी त्याभोवती लाल गोल काढला, काहीतरी चुकतंय, घरी विचारून या म्हणाल्या. मी भांडायचं सोडून तक्ता पिशवीत घातला. घरी येऊन तुझ्या वयातून माझं वय तीनदा वजा केलं. नऊच येतात. ताई, तू शाळेत कधी जायचीस गं?