खाली उतरलेले सूर

१२ ऑगस्ट

प्रिय ताई,

इतके महिने पत्र नाही, याबद्दल कान पकडतो. लिहायला बसलो की तीच एक गोष्ट लेखणीवर यायची आणि मी कागद बाजूला सारायचो. आज बातमी आहे, तेव्हा टाळायला जागा नाही.

पूरग्रस्तांच्या मदतीसाठी शहरातले सगळे वादक पुढच्या रविवारी एकत्र वाजवणार आहेत. एरवी एकमेकांची तोंडं न पाहणारे लोक! काल शाळेच्या सभागृहात पहिली तालीम झाली. पूर आलेल्या गावातले पेटीवाले काकाही आले होते. घर गेलं, पेटी तेवढी वाचली. दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं की खराब झालेल्या सुरांच्या पितळी पट्ट्या घासून वर चढवल्या तर तुटतील, म्हणून त्याने अख्खी पेटीच खाली उतरवून जुळवली. आता ती कुणाशीच जुळत नाही.

कुणीतरी चांगल्या मनानेच दुसरी पेटी आणून ठेवली. काका आपली पेटी गुपचूप मिटायला लागले.

"ती दुसरी उचला आधी," व्हायोलिनवाल्या बाई कडाडल्या. त्याच बाई, ज्या सुराच्या बाबतीत बापालाही सोडत नाहीत. "काका, षड्ज द्या." आणि त्या तारा उतरवू लागल्या.

तबलजी म्हणाला, "बाई, तुम्ही खाली येताय? तारीख लिहून ठेवतो."

"तू हातोडी चालव."

"माझ्यापायी सगळ्यांना त्रास," काका पुटपुटले. कुणी ऐकलंच नाही; जो तो काकांच्या पेटीला कान लावून आपलं वाद्य उतरवत होता. ताई, इतका सुंदर गोंगाट मी कधी ऐकला नव्हता.

अडलो मी एकटा. बासरीला ना खुंटी ना तार. फुंक वळवून थोडंफार भागतं, पण अख्खं गाणं नाही. तेव्हा बाबांची मोठी बासरी आठवली. ते शिकवायचे त्या शाळेतली पेटी अशीच उतरलेली होती, म्हणून त्यांनी ही बासरी मुद्दाम करून घेतली होती. काकांना विचारून सूर ताडून पाहिला. माझ्या आठवणीशी तरी जुळतो.

ती तुझ्याकडे आहे. कुरियरने पाठव, असं लिहिणार होतो. लिहिलंही होतं, खोडलं.

माझी बोटं तिच्या भोकांवर पोचत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. पोचायची ती बाबांची आणि तुझी. ते गेल्यापासून तू वाजवली नाहीस, आणि मी कधी विचारलं नाही. विचारणं म्हणजे तुझ्या दुःखावर हक्क सांगणं, असं वाटायचं. अजूनही वाटतं. पण काल सगळे कुणा एकासाठी खाली उतरताना पाहिले आणि वाटलं, निदान विचारावं.

बासरी पाठवू नकोस. घेऊन ये.

नाही जमलं तरी माझा राग नसेल. वाट मात्र पाहीन.

तुझा,
धाकटा

उद्याचं काम: बासरीच्या खुर्चीवरची माझ्या नावाची चिठ्ठी काढणे.