आतली कडी

३ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तू मला इथे सोडून गेलीस त्याला अकरा दिवस झाले. वृद्धाश्रम म्हणायचं नाही, निवास म्हणायचं, असं इथल्या व्यवस्थापक बाईंनी बजावलं आहे. खोली हवेशीर आहे, जेवण वेळेवर मिळतं, गादी माझ्यापेक्षा तरुण आहे. फोनवर तुझं बोलणं मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरतो, म्हणून पत्रच बरं.

तक्रार एकच. माझ्या दाराला आतून कडी नाही. कुणाच्याच नाही. चाळीस वर्षं लोकांच्या दारांना कुलपं-कड्या बसवल्या आणि माझ्या दाराला उरली चार भोकं, तीही कुणीतरी लांबी-पुट्टी भरून ओबडधोबड बुजवलेली. परवा मी कपडे बदलत होतो. बाई चार पाहुण्यांना इमारत दाखवत आल्या, दार उघडलं आणि खिडकी पूर्वेला आहे असं त्यांना सांगू लागल्या. पाहुण्यांनी खिडकी पाहिली. एकाने तर मला नमस्कारही केला. मी टॉवेल शोधत होतो. ठकू, मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला.

कडी का नाही म्हणून विचारलं, तर बाई म्हणाल्या की तुमच्या मुलीने नियमांवर सही केली आहे. हे खरं का, तेवढं कळव. जावईबापूंची विचारपूस केली म्हणून सांग. लोभ आहेच, तो पत्रातूनही येऊ दे.

तुझा,
बाबा

९ फेब्रुवारी

ती. बाबांस कृ. सा. न. वि. वि.

खरं आहे. सही मीच केली. दाराला आतून कडी नसेल, हे सातवं कलम वाचून मला उलट हायसं वाटलं होतं. गेल्या वर्षी तुम्ही बाथरूममध्ये पडलात तेव्हा आतून कडी होती. ह्यांनी खांदा लावून दार फोडलं, आणि तुम्ही फरशीवरून ओरडत होतात की चांगलं दार कशाला मोडताय, बिजागरीची पिन काढा. तुम्हाला त्याचं हसू येतं, मला अजून धडकी भरते.

पण तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही शेजारच्याच खुर्चीत होतात. बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला, मी तो तुमच्यापुढे सरकवला नाही. चूक माझी. तरीही कडी नकोच, असंच मला वाटतं. थोडी लाज सोसा, पण धडधाकट राहा. आणि परस्पर कुठे हत्यारं चालवू नका, तुमचा स्वभाव मी ओळखून आहे.

रागावलात तरी माया आटू देऊ नका, ही विनंती.

आपली,
ठकू

१५ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. थोडी लाज सोसा, असं तू लिहिलंस. तू अकरा वर्षांची असताना तुझ्या खोलीला कडी हवी म्हणालीस. एवढ्याशा पोरीला कडी कशाला, असं तुझी आई म्हणाली. मी त्याच संध्याकाळी बसवली, आणि तुला कारण विचारलं नाही.

तुझी भीती खोटी नाही. पण आतून लागणारी आणि अडीअडचणीला बाहेरूनही उघडणारी कडी असते. बाहेरच्या बाजूला खाच, तिच्यात चपटी चावी फिरवायची की झालं. मी अशा कितीतरी बसवल्या आहेत. माझी हत्यारांची पेटी तुझ्या माळ्यावर आहे, ती पाठव. बाईंशी मी रीतसर बोलेन, परस्पर काही करणार नाही.

नाही पाठवलीस तर सध्या करतो तेच करत राहीन. एका पायावर उभं राहून, पाठीने दार दाबून धरून पायजमा चढवतो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी यात पडायची भीती जास्त की कडीत, ते तूच ठरव.

बाकी ठीक. लोभ होता तेवढा आहे, तसूभर कमी नाही.

तुझा,
बाबा

२१ फेब्रुवारी

ती. बाबांस कृ. सा. न. वि. वि.

पेटी पाठवली आहे. हत्यारांना तेल ह्यांनी दिलं, नावं ठेवू नका. बाईंनाही पत्र टाकलं आहे की सातव्या कलमावरची माझी सही रद्द समजा, ज्याची खोली त्याची सही घ्या. माझी एकच अट, चावी बाहेर दाराशेजारी टांगलेली हवी. एका पायाचा प्रकार आजपासून बंद करा.

असाच जीव लावत राहा.

आपली,
ठकू

११ मार्च

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

कडी बसली. आधी बाई ऐकेनात. मग चाचणीपुरती बसवायची परवानगी मिळवली, कडी लावून मी आत जमिनीवर आडवा झालो आणि त्यांना बाहेरून चावीने उघडायला लावलं. मी कूस बदलायच्या आत त्या खोलीत होत्या. त्या वरमल्या आणि म्हणाल्या की अशी कडी असते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. नवा कागद माझ्यापुढे ठेवला. मी चष्मा पुसला, सगळी कलमं वाचली आणि मग सही केली. बाईंना बराच वेळ उभं राहावं लागलं, त्याला माझा इलाज नव्हता.

शेजारच्या मास्तरीणबाईंनाही एक बसवून दिली. कडी लावून त्या तासभर आत नुसत्या बसून होत्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. आणखी सहा दारं रांगेत आहेत.

आता बाई ठोठावतात. मला कमी ऐकू येतं म्हणून चांगलं जोरात, त्यामुळे माझी परवानगी मागितली जातेय हे सगळ्या मजल्याला कळतं. काल पुन्हा पाहुणे आले होते, त्यांना खोली पाहायची होती. आत्ता जमणार नाही, असं मी आतून सांगितलं. खरं तर मी सगळे कपडे घालून खुर्चीत बसलो होतो. पाहुणे गेले.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा तूही ठोठाव. उघडायला मीच येईन.

तुझा,
बाबा