राळेखालची अक्षरं

लातूर,
ता. ९ जुलै १९९८

लाडक्या शबानास,

महानंदाचा शरणार्थ. अब्बांना सलाम सांग.

तुझं पत्र पोचलं. मी बरी हाय. हातावरचं भाजलेलं सुकत आलंय. क्लासच्या नव्या पोरी आल्यात, मेसमध्ये लई गर्दी. मी कुबड्या बाजूला टाकून बसल्या जागी पीठ मळून देते, भाकरी साखराबाई थापते.

तू लिहिलंस, "अक्का, माझाच हात चुकला असंल, तुम्ही पडलात, माफ करा." साहेबांनी तुला नकली पाय बनवायचं सोडून पट्टे शिवायला बसवलं, हेही तुझ्याच पत्रात वाचलं.

पाय तुझ्यामुळं मोडला न्हाई.

नांदेडला तू साच्यावर कापडाचे थर चढवून राळ ओतत होतीस, मी शेजारी बसलेली. शेवटच्या थराआधी ट्रस्टची चिठ्ठी ठेवलीस. लाल अक्षरं, 'भूकंपग्रस्तास सप्रेम भेट'. मी म्हणाले, "ही नको गं." तू म्हणालीस, "साहेबांचा हुकूम हाय अक्का. एकदा आत बसली की पाय हाय तवर निघायची न्हाई."

इथं मी सगळ्यांना सांगितलेलं, पाय ट्रकखाली गेला. भूकंपवाली म्हटलं की लोक चुकचुकतात, न्हाईतर म्हणतात, यांना सगळं फुकट मिळालं. घरातली माणसं गेली, ते कुणी धरत न्हाई.

एका दुपारी वाढताना लुगडं वर सरकलं. एका पोरीनं मोठ्यानं वाचलं. दुसरी म्हणाली, "मावशी, पायपण गिफ्ट?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

त्या क्लासला गेल्यावर सुरी घेऊन बसले. खरवडलं तरी अक्षरं हलंनात. आणखी खोल गेले. थर सुटले, कापडाचे धागे वर आले, तरी 'ग्रस्त' एवढं उरलंच. तेही काढलं. पुढं काही दिसांनी वरणाचं पातेलं घेऊन उठले, अन् खरवडल्या जागीच पाय तडकला.

ट्रस्टचे बसवराजसाहेब तपासणीला आले. "कसा मोडला?" म्हणाले. मी म्हणाले, "बनवणारीनंच कच्चा केला असंल." त्यांनी तुकडे मागितले, तर मी म्हणाले, कचऱ्यात टाकले. सहज तोंडातून गेलं, असं लिहिणार होते. सहज न्हाई गेलं. पोरी दारात उभ्या होत्या. का खरवडलं, ते त्यांच्यापुढं सांगायची लाज वाटली, अन् तुझं नाव पुढं केलं.

तुकडे पिठाच्या पोत्यामागं दडवले होते. साखराबाई नायगावला माहेरी निघालीय, वाटेत तुझ्याकडं देईल. सुरीच्या खुणा साहेबांना दाखव. हे पत्रही वाचून दाखव, एक ओळ गाळू नको. मग मला नवा पाय न्हाई दिला तरी चालंल.

काल पोरींनाही खरं सांगितलं. कुणी हसलं न्हाई. मला मात्र हलकं वाटलं न्हाई.

मीच यायला हवं होतं. कुबड्यांवर बस चढता येते. तुझ्या डोळ्याला डोळा देववणार न्हाई, म्हणून येत न्हाई.

माफी तू मागू नको, शबाना.

तुझ्या हातांनी चाललेली, अन् त्याच हातांना बोल लावलेली,
महानंदा