जुनहाओच्या शेजारची सीट

सोम., ३ मार्च
दुपारचा लेसन नवीन मुलाचा. नाव जुनहाओ, यापुढे ज. एकोणीस वर्षांचा, चीनमधल्या वेन्झोचा. वडिलांचा बुटांच्या सोलचा कारखाना. लंडनला फायनान्स शिकतोय, निदान घरी तसं सांगतोय. मी माझं नाव, 'वैशाली', म्हणायला शिकवून पाहिलं, जमेना, मग दोघंही हसलो. टीचर तर टीचर.
गाडी येते त्याला. चीनचं लायसन्स आहे, पण ते इथे वर्षभरच चालतं, आणि त्याचं वर्ष जानेवारीत संपलं. आता पुन्हा लर्नर, म्हणजे शेजारी लायसन्सवाला हवाच. 'एल'ची पाटी लावून माझ्या छोट्या हॅचबॅकमध्ये, गुडघे स्टिअरिंगला टेकलेले. स्वतःची गाडी घरी उभी. फोटो दाखवला. जांभळी, बसकी, दोनच सीट. वडिलांनी तिकडून व्हिडिओ कॉलवर पाहून घेऊन दिली. म्हटलं, "हिच्यात बसायचं की झोपायचं?" जोक कळला नाही. किंवा आवडला नाही.

शनि., १५ मार्च
राउंडअबाउटला घाबरतो. उजवीकडून येणाऱ्यासाठी थांबायचं हे डोक्याला पटलंय, पाय ऐकत नाही.
टेस्टची तारीख मिळाली, थेट जुलैची. तोंड एवढंसं झालं. त्याचे पाच-सहा मित्र आहेत, सगळे तिकडचेच, सगळ्यांकडे असल्याच गाड्या. रविवारी ताफा निघतो, समुद्रापर्यंत जातात, जेवून परत. "यू डोन्ट ड्राइव्ह, यू डोन्ट कम." म्हटलं, कोणाच्या तरी शेजारी बसून जा. "टीचर, शेजारी गर्लफ्रेंड बसतात."
घरी नवऱ्याला, हेमंतला सांगितलं, तो खूप हसला. मला नाही हसू आलं. आठवडाभर हा पोरगा माझ्याशिवाय कोणाशी बोलत नसावा असं वाटतं.

मंगळ., २५ मार्च
कॉलेजपाशी त्याला घ्यायला गेले, तर जांभळी गाडी समोरच उभी. कोणी आणली? "फ्रेंड." चावी याच्याच जॅकेटच्या खिशातून लोंबत होती. सरळ विचारलं, एकटा चालवतोस? त्याने चावी आत ढकलली. मग चांगलं सुनावलं. लायसन्स नाही म्हणजे इन्शुरन्सही नाही, कोणाला लागलं तर कुठे तोंड दाखवशील? "येस टीचर. नो मोअर, टीचर."
शब्द दिला. मी तो खरा धरून चालले. लेसन घेतला, घरी आले.

रवि., ६ एप्रिल
व्हायचं ते झालं.
दुपारी फोन. रडत होता, निम्मं चिनीत. साउथ हॅरोजवळ एका छोट्या रस्त्यावरून डावीकडे वळताना समोर एक बाई, साठीची, रस्ता ओलांडत होती. गाडीचा धक्का लागून पडली. हा थांबला, अँब्युलन्स यानेच बोलावली. तेवढं बरं केलं. पुढचं मात्र भलतंच. पोलिसांना सांगितलं, टीचर शेजारी बसली होती. आत्ताच गेली, मुलीला शाळेच्या मॅचवरून आणायला.
"जुनहाओ, मी घरी आहे. पोळ्या करतेय."
"प्लीज, टीचर. फक्त एक वाक्य."
माझं नाव, नंबर, दोन्ही देऊन मोकळा झालाय.
पोळी तव्यावर करपली. हेमंतने गॅस बंद केला.

सोम., ७ एप्रिल
पोलिसांचा फोन. बाई होती, आवाज अगदी मऊ. बुधवारी चारला स्टेशनला याल का? हो म्हटलं, एवढंच. खोटं बोलले नाही, पण खरंही नाही. पडलेल्या त्या बाईंचं विचारलं. खुब्याचं ऑपरेशन झालंय म्हणे.
हेमंत चिडलाय. "इथे दर दुसऱ्या दारावर कॅमेरा आहे. दोन दिवसांत कळेल सगळं. तू विचार कसला करतेयस?"
कसला करतेय? एक म्हणजे त्याचा फोनवरचा आवाज. दुसरं, ती पंचवीस तारीख. चावी मी पाहिली होती. विचारलं तर तेही सांगावं लागेल. माझा इन्स्ट्रक्टरचा बॅज राहील का? आणि बॅज नाही तर मग मी...
इरा तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, त्याने माझा खोटा स्टोरी का सांगितला?" सोळा वर्षांची आहे, उत्तर हवं असतं तिला. खरं तर मला सगळ्यात जास्त राग याचाच आलाय. त्याने खोट्यात लेकीला ओढलं.

मंगळ., ८ एप्रिल
स्टेशनजवळच्या कॅफेत ज. भेटला. दाढी न केलेली, चार केस. आल्या आल्या फोन पुढे केला, व्हिडिओवर त्याची आई. ती बोलणार, हा इंग्रजीत सांगणार.
"आई म्हणते, तुम्ही पण आई आहात. आई म्हणते, मला परत पाठवतील. आई म्हणते, तुम्हाला काय हवं ते..." तिथे अडकला. बाई मात्र बोलतच होत्या, बराच वेळ, हुंदके देत. हा सांगायचा थांबला.
"काय म्हणाल्या?"
"नथिंग, टीचर."
कान लालबुंद. फोन टेबलावर पालथा घातला. आवाज येतच राहिला.
मी म्हटलं, "मी उद्या चारला जाणार आणि घरी होते हे सांगणार. त्याआधी तू जा. वकील घे, इंटरप्रिटर माग, पण स्वतः सांग."
"आणि मी नाही गेलो तर?"
"तरी मी चारला जाणार."
उठून चालता झाला. फोन तिथेच. आई अजून बोलत होती. तो बडबडता फोन हातात धरून मी त्याच्यामागे रस्त्यावर पळाले.

बुध., ९ एप्रिल
सांगितलं. सगळं. चावीचंही.
"तेव्हा कोणाला कळवलं नाहीत?" नाही. पोलीसबाईने टाइप केलं, मान वर केली नाही.
निघताना विचारलं, तो येऊन गेला का? "आय कान्ट डिस्कस दॅट, आय ॲम अफ्रेड." चेहऱ्यावर काही वाचता येईना.
बाहेर येऊन गाडीत बसले, पण सुरू करवेना. शेवटी हेमंत ऑफिसातून आला आणि त्याने घरी नेलं.  घरी आल्यावर चहाही त्यानेच केला.

शुक्र., ११ एप्रिल
ज.चं काहीच नाही. बॅजबद्दलही काही नाही. फोन वाजला की आधी नंबर बघते. आज दोनदा वाजला, दोन्ही वेळा नवीन लेसनची चौकशी.

शनि., १२ एप्रिल
सकाळी मेसेज. "टीचर, टेन ओक्लॉक?" जणू काही झालंच नाही. हेमंत म्हणाला जाऊ नकोस. गेले.
कोपऱ्यावर उभा होता. जांभळी पोलिसांनी उचलून नेली. आत येऊन पॅसेंजर सीटवर बसला, समोर बघत म्हणाला, "आय वेंट. वेन्सडे मॉर्निंग."
माझ्या आधी, म्हणजे. खरं असेल. एकदा माझ्या नावावर इतकं सहज खोटं बोललेला मुलगा आहे, तरी खरं असेल. खोदून विचारलं नाही.
वडिलांचा फोन आला होता काल. ओरडले नाहीत. "दॅट इज वर्स, टीचर." त्या बाईंना भेटायला जायचं होतं, वकिलाने सक्त मनाई केली. त्यांचं नावसुद्धा त्याला ठाऊक नाही. मलाही नाही. एव्हाना हिंडायफिरायला लागल्या असतील का, की अजून...
मग म्हणाला, आज शिकवाल? वकील म्हणतो, कोर्टाचं ठरेपर्यंत लर्नर लायसन्स चालतं.
 म्हटलं, आधी कॉफी आण.
हे गाडीतच लिहितेय. मी अजून ड्रायव्हरच्या सीटवर आहे. कायद्याची हरकत नाही, कळलं. माझी आहे का? असावी. पण मग आज त्या कोपऱ्यावर मी आले कशाला?
दुकानातून निघाला तो. दोन्ही हातांत कप. दार मलाच उघडावं लागणार.
कुठलं, त्याच्या बाजूचं की माझ्या?