सभेआधीच्या सह्या

आई, तू माझ्यावर खरी चिडलीस ती एकदाच, आणि आज मला त्याचं हसू येतंय. मी दहावीत होते आणि तू पवनानगरजवळच्या आपल्या गावात पंचायतीची सदस्य. धरणाकाठी पर्यटकांसाठी तंबू ठोकणाऱ्यांनी बायकांची पाण्याकडे जायची वाट तार लावून बंद केली होती, त्यावर ग्रामसभा ठरली. ग्रामसेवकांनी हजेरीचं रजिस्टर माझ्या हातात दिलं. "पोरी, घरोघर फिरून सह्या आण. माणसं कमी पडली की सभा तहकूब होते बघ." मी तासाभरात गाव पालथं घातलं आणि मिरवत स्वयंपाकघरात आले. तू भाकरी थापत होतीस.

"सभा कवा हाय?"

"उद्या."

"मंग ही समदी मानसं आजच हजर कशी गं?"

पिठाच्या हातानंच मला दाराबाहेर काढलंस. "जा, सांग एकेकाला, सही केली आता यायलाच लागतंय. न्हाई आलं तर मी सोता नाव खोडनार!" मी चडफडत तीच घरं पुन्हा फिरले. असा राग आला होता तुझा! पण दुसऱ्या दिवशी देवळाचा मंडप गच्च भरला. एरवी पदर तोंडाला लावणाऱ्या बायका तावातावानं भांडल्या, आणि तार निघाली. "लय बोलल्या गं बाया," म्हणत तू दिवसभर खूश.

आता मी युरोपातल्या एका शहरात पालिकेच्या नोकरीत आहे, वस्त्यांच्या सभा भरवते. मागच्या आठवड्यात पहाटेची बस बंद करायचा ठराव आला. ऑनलाइन फॉर्मवर कुणाचीच हरकत नाही. पण त्या बसनं जाणाऱ्या सफाईवाल्या बायका परदेशातून आलेल्या, त्यांना मतदान नाही, म्हणून कुणी विचारलंच नव्हतं. मी पाच-पाच मजले चढून दारं वाजवली. "सभेत आम्हाला बोलता येतं?" एकीनं विचारलं. म्हटलं, "बाई, इथं राहता ना? मग येतं की!" काल त्या आल्या. तीच बाई नगराध्यक्षांना म्हणाली, "सकाळी तुमचं टेबल चकचकीत हवं ना? मग मला बस द्या." सगळे हसले, तेही हसले. बस राहिली.

आज साहेबांनी चारचौघांत विचारलं, हे कुठं शिकलीस? आणि मी पटकन म्हणून गेले, "विद्यापीठात." आई चौथी शिकलेली, हे सांगायची मला लाज वाटली गं. तू देवाघरी गेलीस, तिथला पत्ता असता, तरी हे पत्र मी पाठवलं नसतं.