उंबऱ्याबाहेरचा घोट

खडकी छावणी,
ता. ३ फेब्रुवारी १९४६

ती. आईच्या पायांशी व्यंकटचा सा. न. वि. वि.

लढाईवर निघालो तेव्हा वेशीपाशी तू म्हणाली होतीस, तिकडं जे तोंडाला चांगलं लागेल त्यातलं घोटभर माझ्यासाठी राख. तू विसरली असशील. मी राखलं आहे. आपल्या गावचा संतराम फौजेतून सुटून हट्ट्याला येतो आहे, त्याच्याबरोबर बाटली धाडली. लाल द्राक्षांची दारू आहे. रागावू नकोस, मामाच्या आशाला पुढचं वाचून दाखवू दे.

इटलीच्या खाली सिसिली नावाचं बेट आहे. तिथं मला ताप भरला, तेव्हा एका शेतकरी म्हातारीनं घरात ठेवून घेतलं. उठून बसलो त्या दिवशी तिच्या मळ्यातली ही दारू पेलाभर दिली. फार चांगली लागली. ही बाटली तिनं आपल्या मुलासाठी राखली होती, पण तो लढाईतून परतला नाही. निघताना ती माझ्या हाती दिली आणि खुणेनं सांगितलं, आईला पाज. मी शब्द दिला.

साहेब म्हणतात, आणखी तीन वर्षांच्या कागदावर सही कर. पुन्हा बोटीनं परमुलखात जावं लागेल. माझं मन आहे. महिनाअखेर सांगायचं आहे.

तुझा,
व्यंकट


हट्टा,
ता. १२ फेब्रुवारी

चि. व्यंकटास आईचे अ. आ.

बाटली पोचली, अक्कल तिकडंच राहिली. तुझ्या बापानं दारूला कधी उंबरा ओलांडू दिला न्हाई, अन् तू आईला पाजतो? मी ती गोठ्यात कडब्याखाली ठेवली. तर तुझ्या तातेरावकाकांनी विलायती औषध समजून बूच काढलं अन् गुडघ्याला चोळलं. आता बराबर गुण आला म्हणून गावभर सांगून राहिले. बाया वाट्या घेऊन दारात! केवढी तकलीफ. मी काही प्यायची न्हाई. सहीचं तुझं तू बघ, मला काहून सांगतो?

तुझी आई

ता. क. आत्याबाईंनी सांगितलं तसं लिहिलं. माझं एवढंच, की कागदाचं ऐकल्यापासून त्यांचं जेवणात लक्ष नाही. दिवसातून दोनदा कडबा उचलून बाटली बघून येतात. — आशा


हट्टा,
ता. १६ फेब्रुवारी

चि. व्यंकटास आईचे अ. आ.

प्याले बाबा. उंबऱ्याच्या आत न्हाई, अंगणात बसून, तुळशीकडं पाठ करून. तातेराव म्हणाले, वैनी, गूळ घाला. मी घातला न्हाई. आधी बाभळीची साल चावल्यावानी जीभ आवळली. मग पिकल्या जांभळाची चव आली, अन् मागून तापल्या काळ्या ढेकळाचा वास. पाण्यावानी पातळ न्हाई ती, तोंडात ठाण मांडून बसती. आशानंबी वाटी चाटली, वर म्हणते वास घेत होते.

पण शेवटच्या घोटाला वाटी खाली ठेवली. त्या बाईनं लेकरासाठी राखलं अन् प्याले मी. तिचं लेकरू आता यायचं न्हाई.

तुझा शब्द मी पुरा केला. तिला कळवता आलं तर कळव, की हट्ट्याची एक आई तुझ्या लेकराची आठवण काढून प्याली. आता माझा एक शब्द तू ठेव. बाटली अर्ध्याच्या वर उरली हाय, अन् अंगणात मला एकटीला बसवत न्हाई. तू न्हाई म्हणशील, ठाऊक हाय. तरी मागते. सही करू नको, घरी ये.

तुझी वाट बघणारी,
आई